हुलग्यांचे माडगे आणि जपानची वाटी



आज मी आपल्याशी एका वाटीविषयी बोलणार आहे. वाटी जपानची आहे. तिच्यात असते गढूळ, तांबूस रंगाचे कढत सार, त्यात चार पांढरे चौकोनी तुकडे आणि वर चिमूटभर कांद्याची पात. जपानी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सकाळी भाताबरोबर ही वाटी तोंडाला लावत आला आहे. तिला तिकडे 'मिसोशिरु' म्हणतात. 'मिसो' म्हणजे सोयाबीन आंबवून, मुरवून केलेला खारट लगदा, आणि 'शिरु' म्हणजे सार. आमच्या शिरूर गावाच्या नावाशी या 'शिरु'चा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण वर्गात हा शब्द उच्चारला की मुले पहिल्यांदा तेच विचारतात!

मी भूगोल शिकवतो. स्वयंपाक हा माझा विषय नव्हे. राहतो शिरूरला आणि शिकवायला जातो दौंडच्या बाजूला. न्हावरा-चौफुला रस्त्याने रोज एस.टी.ने जाताना एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडे माळ पाहत जातो. मग ही जपानी वाटी माझ्या घरात आली कशी? तर ती माझ्या आईमुळे आली.

काही वर्षांपूर्वी आईला मोठा ताप येऊन गेला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. वरण नको, खिचडी नको, दूध नको. औषध चालू होते, पण अन्न पोटात जाईना. त्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. कारखान्यात नोकरी करतो. कामाचे शिक्षण घेण्यासाठी त्याला वर्षभर जपानात, नागोया शहराजवळ, पाठवले होते. येताना त्याने एक पुडके आणले होते. आत चिंचेच्या गोळ्यासारखे काळपट तांबडे काहीतरी. तो म्हणाला, "सर, तिकडं मला ताप आला तेव्हा घरमालकीणबाईंनी हेच करून पाजलं होतं. आजींना करून देऊ का?"

त्याने स्वतःच चुलीपाशी बसून वाटीभर सार केले. आईने एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि विचारले, "पोरा, हे माडगंच की रे. हुलगे कुठले घातलेस?"

मंडळी, मिसोच्या साराने माझी आई बरी झाली असे मी मुळीच म्हणणार नाही. ती डॉक्टरांच्या औषधाने बरी झाली. पण त्या घोटाने तिला हुलग्यांची आठवण झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने हुलग्यांचे माडगे मागितले. मी हुलगे आणायला बाहेर पडलो, आणि आमच्या आळीत मला पसाभर हुलगे मिळाले नाहीत! ज्या गावात माझ्या लहानपणी बैलांना हुलगे शिजवून घालत, तिथे माणसाच्या आजारपणाला हुलगे नव्हते. शेवटी आठवड्याच्या बाजारात पाबळकडच्या एका म्हातारीपाशी मापटेभर मिळाले. त्या दिवसापासून ही जपानची वाटी आणि आपले माडगे, दोन्ही माझ्या डोक्यात बसली आहेत. दोन्हींविषयी सांगतो.

प्रथम मिसो म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरात दूध असते. ते नुसते ठेवले तर नासते; त्यात विरजण घातले तर दही होते. नासणे आणि विरजणे यांत फरक एवढाच, की विरजण ओळखीचे असते. मिसोचेही तसेच आहे. जपानी लोक तांदूळ वाफवतात आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. दोन-अडीच दिवसांत तांदळाला पांढरी लव धरते आणि गोडसर वास सुटतो. याला ते 'कोजी' म्हणतात. कोजी हे मिसोचे विरजण. या बुरशीचा तिकडे एवढा मान, की २००६ साली जपानातील मद्यनिर्मितीशास्त्राच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून जाहीर केले.

मग सोयाबीन रात्रभर भिजवायचे, बोटांत सहज चिरडेल इतके मऊ शिजवायचे, वाटायचे, त्यात कोजी आणि मीठ मिसळायचे आणि लाकडी पिंपात दाबून भरायचे. हवेची पोकळी राहू द्यायची नाही. वर झाकण, झाकणावर वजन. आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती फडताळात ठेवून देतो, तसेच हे. पांढरे मिसो काही आठवड्यांत तयार होते. ते गोडसर, कमी मिठाचे असते. तांबडे सहा महिने ते वर्षभर मुरते. नागोयाजवळच्या ओकाझाकी गावात केवळ सोयाबीन आणि मीठ यांचे एक काळपट मिसो करतात. तिथे तांदळाऐवजी सोयाबीनवरच कोजी धरतात. ते माणसाहून उंच पिंपांत, वर नदीतल्या दगडांची निमुळती रास रचून, दोन वर्षांहून अधिक काळ मुरवतात. माझ्या विद्यार्थ्याने आणलेला गोळा त्याच जातीचा होता. म्हणूनच आईला त्यात हुलग्यांची मातकट, खमंग चव लागली असावी.

आता सार कसे करायचे ते सांगतो. मिसोची बरणी आता पुण्यातल्या मोठ्या दुकानांतून मिळते. चार माणसांसाठी चार मोठ्या वाट्या, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर पाणी घ्या. जपानी घरात हे पाणी साधे नसते. त्यात 'कोम्बु' नावाची समुद्रातली वाळवलेली पाने अर्धा तास भिजत ठेवतात, मग मंद आचेवर तापवतात आणि उकळी फुटण्याच्या आधी पाने काढून घेतात. पुष्कळ घरी नंतर सुकवलेल्या माशाचे पातळ कीसही क्षणभर घालून गाळून घेतात. या पाण्याला 'दाशी' म्हणतात. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी या कोम्बुच्या पाण्यातून एक चव वेगळी काढून दाखवली. ती गोड नाही, खारट नाही, आंबट नाही, कडू नाही. तिला त्यांनी 'उमामी' हे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोतही ती चव भरपूर असते.

म्हणजे कोम्बु नसले तरी आपले अडत नाही. मी घरी करतो ते असे: दोन पिकलेले टोमॅटो, एक कांदा, कोथिंबिरीचे देठ आणि कोबीची दांडी पाण्यात वीस मिनिटे मंद उकळायची आणि गाळून घ्यायची. वाळलेली अळिंबी मिळाली तर दोन-चार रात्री पाण्यात टाकून ठेवायची आणि ते पाणीही वापरायचे. जपानातील बौद्ध मठांतूनही मासे वर्ज्य असतात. तिथे कोम्बु आणि अळिंबी यांवरच भागवतात. आपल्यातल्या माळकरी मंडळींना मात्र एक सूचना करून ठेवतो: बाजारात 'मिसो सूप' म्हणून जी तयार पाकिटे मिळतात, त्यांत बहुधा माशाची पूड असते. पाकिटामागचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका.

या पाण्यात आपल्याला हवी ती भाजी घाला. मुळा, भोपळा, पालक, कांद्याची पात, काहीही चालते. ते पांढरे चौकोनी तुकडे म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. नसले तर नाही. भाजी शिजली की आच कमी करा. आता मोठे तीन चमचे मिसो एका वाटीत घ्या, त्यावर याच पाण्याची पळीभर घाला आणि बेसन कालवतो तसे गुठळी न ठेवता कालवा. ते पातेल्यात ओता, ढवळा आणि लगेच खाली उतरवा. वेगळे मीठ घालू नका. मिसो आधीच खारट असते.

खरी मेख शेवटच्या पायरीत आहे. मिसो घातल्यावर सार उकळायचे नाही! आपल्या बायकांच्या हाताला हे चमत्कारिक वाटते, कारण आपली आमटी उकळल्याशिवाय आमटी होत नाही. पण थोडा विचार केला तर कळेल. आपल्या आमटीत मसाला कच्चा असतो, त्याला शिजवावे लागते. मिसो वर्षभर मुरून शिजल्यासारखेच झालेले असते. त्याला उकळले की महिन्यामहिन्यांनी जमवलेला सुवास वाफेबरोबर निघून जातो. आपण कढी फुटू नये म्हणून जपतो, तसे ते सुवासाला जपतात.

कोणी म्हणेल, मिसो विकत कशाला घ्यायचे? घरीच करू. मलाही तसेच वाटले, आणि तिथे मी चुकलो. ती चूक सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

मला वाटले, बुरशीच हवी ना? मग शिळा भात झाकून ठेवला की झाले. भात डब्यात घालून फडताळात ठेवला. चौथ्या दिवशी उघडतो तो पांढरी लव कुठली? हिरवे, पिवळे, काळे ठिपके आणि कुबट वास. तरीही मी तो भात उजेडात धरून पाहत होतो. आई म्हणाली, "आरं, बुरसलेलं घरात ठेवू नये. खड्ड्यात पूर." तिने शास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते, पण तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कोजीच्या बुरशीची एक सख्खी चुलत बहीण आहे. ती दिसायला इतकी सारखी, की साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. ती मक्यावर, भुईमुगावर, सरकीवर, ओल धरलेल्या पेंडीवर वाढते आणि 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते. हे विष यकृताचा घात करते. साध्या शिजवण्याने ते जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसलेला मका लोकांनी खाल्ला. दुसरे धान्य घरात नव्हते. त्यात शंभराहून अधिक माणसे दगावली.

शिरूर-दौंडकडे आज घरोघरी दुभती जनावरे आहेत. शेतकरी बंधूंनो, बुरसलेली पेंड किंवा मका 'माणसाला चालत नाही, गाईला चालेल' असे म्हणून गव्हाणीत टाकू नका. गाईच्या पोटातून त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच पोरे पितात. भुईमुगाच्या शेंगा नीट वाळवूनच भरा. ओल लागलेला माल वेगळा काढा. बुरसलेले शेंगदाणे निवडून टाकताना हात आखडू नका.

तेव्हा मिसो घरी करायचेच असेल तर कोजी ओळखीचीच हवी. जपानात तिचे बीज तयार करून विकणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा करीत आली आहेत. तशी खात्रीची कोजी मिळाली तर एक किलो सोयाबीन, एक किलो कोजी आणि चार-साडेचारशे ग्रॅम मीठ हे प्रमाण धरावे. मीठ कमी करण्याचा मोह नको. मीठच वाईट जंतूंना दूर ठेवते. जपानी लोक हे काम हिवाळ्यात करतात. आपणही पौष-माघात करावे आणि बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी, कारण आपला चैत्र-वैशाख जपानच्या उन्हाळ्यासारखा नव्हे. खात्रीची कोजी मिळत नसेल, तर बरणी विकत आणावी किंवा माडगे करावे. पण अंदाजाची बुरशी नको.

आता सोयाबीनकडे वळतो. हे पीक आपल्याला परके राहिलेले नाही. सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली दोन प्रमुख राज्ये आहेत. शेजारच्या बारामती तालुक्यात होळ येथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे शेत आहे; या संस्थेने सोयाबीनचे अनेक वाण काढले. फार मागे, १९३५ साली, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानातून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात सोयाबीनच्या पदार्थांच्या शेकडो कृती होत्या. आणि तरीही आज सोयाबीन पिकवणाऱ्या किती घरांत सोयाबीन शिजते? ते खळ्यावरून बाजारात जाते, तेथून तेलाच्या गिरणीत. तेल आपण खातो. पेंड कोंबड्यांना जाते. त्या पेंडीतच तर प्रथिने असतात!

याला कारणही आहे. सोयाबीनमध्ये शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने असली, तरी ते तुरीसारखे सरळ नाही. नीट शिजवले नाही तर पचत नाही, आणि त्याला एक कच्चट वास येतो. नुसती डाळ करून ते गोड लागत नाही. जपानी माणसाने त्याचे कोडे आंबवून सोडवले. आपल्याच देशात नागालँड, मणिपूर, मेघालय, सिक्कीम या भागांतल्या लोकांनीही ते स्वतःच्या पद्धतीने आंबवले. मणिपुरात त्याला 'हवाइजार' म्हणतात, सिक्कीमकडे 'किनेमा'. धान्य कोणतेही असो, ते जेव्हा घरातल्या बाईच्या हाताला वळते तेव्हाच ते अन्न होते. तोवर तो नुसता माल असतो.

सोयाबीन मालच राहिले, अन्न झाले नाही. आणि हुलगे अन्न होते, ते आपण सोडून दिले. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा जमिनीत खतपाणी न मागता जे पीक उभे राहते ते हुलगे. कोकणात त्यांना कुळीथ म्हणतात. त्यांतही शेकडा बावीसच्या जवळपास प्रथिने असतात, म्हणजे तुरीला तोडीस तोड. पुढे घोड आणि चासकमानचे कालवे आले, दौंडकडे खडकवासल्याचे पाणी आले. ऊस आला, कांदा आला. पाणी आले हे चांगलेच झाले; त्याविरुद्ध बोलणारा मी कोण? पण पाण्याबरोबर हुलगे बांधावरूनसुद्धा गेले, आणि त्यांच्याबरोबर आपल्या ताटातल्या शेंगोळ्या गेल्या, माडगे गेले.

माडगे माहीत नसलेल्या तरुण भगिनींसाठी कृती सांगतो. हुलगे निवडून, खरपूस भाजून, दळून आणावेत. हे पीठ डब्यात पुष्कळ दिवस टिकते. माणशी दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. दीड वाटी पाण्यात जिरे, ठेचलेला लसूण आणि मीठ घालून उकळी आणावी. त्यात कालवलेले पीठ ओतून ढवळत राहावे. गोड हवे असेल तर लसूण-मिठाऐवजी गूळ आणि सुंठ. केडगाव-यवतकडच्या गुऱ्हाळांचा गूळ असेल तर विचारायलाच नको. हे मात्र चांगले पाच-सात मिनिटे उकळायचे, कारण पीठ पुरते शिजायला हवे. मिसो उकळायचे नाही आणि माडगे उकळल्यावाचून उतरवायचे नाही, एवढे ध्यानात ठेवले की दोन्ही वाट्या जमल्या!

मिठाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. मिसोच्या एका वाटीत दीड ग्रॅमच्या आसपास मीठ असते. जपानच्या उत्तरेकडील अकिता भागात लोक खारवलेल्या भाज्या, खारे मासे आणि मिसो फार खात. तिथे पक्षाघाताचे प्रमाण मोठे होते. पुढे मीठ कमी करण्याच्या मोहिमा तिथे निघाल्या. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी हे सार डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि घेतलेच तर बरोबर लोणचे-पापड नको. माडग्यात मीठ आपल्या हातात असते, ही त्याची एक जमेची बाजू.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एक सुचवतो. शाळेत मुलांना दोन वाट्या दूध दाखवा. एकात विरजण घाला, दुसरे तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांनाच सांगू द्या, कोणते दही झाले आणि कोणते नासले. चव घेऊ देऊ नका. पाहणे आणि वास घेणे पुरे. मग मुलांना सांगा, की आपापल्या आजीला विचारून या: घरात पूर्वी काय काय आंबवत होते, काय मुरवत होते, हुलग्यांचे काय काय करीत होते. आंबील, कुरडईचा चीक, सांडगे, लोणची, शेंगोळ्या. वहीत उतरवून घ्या. या आज्या उद्या भेटणार नाहीत.

जपानी भाषेत एक म्हण आहे. जो आपली आपणच स्तुती करतो, त्याला ते म्हणतात, "हा आपल्या घरचे मिसो वाखाणतो आहे." कारण घरोघरी मिसो व्हायचे, आणि प्रत्येकाला आपलेच सर्वांत चांगले वाटायचे. मंडळी, आपल्या घरचे माडगे वाखाणणारे लोक मला आमच्या भागात आता फारसे भेटत नाहीत. मला वाटते, ती बढाई थोडी परत यायला हवी.

माझी आई त्यानंतर तीन वर्षे होती. विद्यार्थ्याने आणलेले पुडके दोन महिन्यांत संपले. पुढे थंडीत सकाळी ती वाटी पुढे करून म्हणायची, "तुझं जपानचं नाहीतर माझं, कुठलं बी चालंल. पण ऊन ऊन दे."

यंदा पाऊस पडला की माळाच्या एखाद्या तुकड्यावर चार ओळी हुलग्यांच्या पेरा, एवढीच माझी विनंती आहे.